शेराचं वजन आणि मधुकरभाऊंचं

"माझं पंचाहत्तर, मॅडम. तेवढं वजा करा," केळी तोलायच्या काट्यावर उभे राहून मधुकरभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात त्यांचा कुत्रा शेरा होता. काट्यावर आकडा होता एकशे अठरा.

म्हणजे शेरा त्रेचाळीस किलोचा. मी शेराकडे पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या.

मी जनावरांची डॉक्टर. सिंधीपुऱ्यात माझं क्लिनिक आहे. शेराची लघवी कडक चहासारखी झाली होती, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. सकाळीच रक्त तपासलं, तर बबेसिया निघाला. हा गोचिडीतून येणारा परजीवी. रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. त्यावरचं इंजेक्शन जालीम असतं. डोस वजनावर ठरतो. जास्त गेला तर औषध मेंदूवर जातं, कुत्रा झोकांड्या खातो, कधी मरतोही.

इंजेक्शन द्यायला मी त्यांच्या केळीच्या शेतावर गेले. शेरा एकटा काट्यावर थांबेना. पत्रा हलला की गुरगुरून खाली उडी. मधुकरभाऊंशिवाय कुणाला उचलू देईना.

"भाऊ, आता तुम्ही एकटे उभे राहा."

"गरज काय? मी सांगतो ना."

"तुमच्या सांगण्यावर मी सुई नाही मारणार."

त्यांनी बाजूला उभ्या बायकोकडे, सुनंदावहिनींकडे पाहिलं. मग चपला काढल्या, मोबाईल काढला, पट्टाही काढला.

"हे काढलं तर कुत्र्यासोबत परत मोजावं लागेल," मी म्हटलं. "नाहीतर तुमच्या चपलांचं वजन शेराच्या नावावर जाईल."

त्यांनी सगळं परत चढवलं. काट्यावर उभे राहिले आणि हळूच हात खांबाला टेकला.

"हात खाली, भाऊ."

शहाण्णव.

मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नदीवर, राजघाटावर रोज सकाळी फिरायला जाता ना तुम्ही?"

"जातो की."

"मग?"

"परत येताना बुधवाऱ्याच्या बाजारातून येतो." पट्टा वर ओढत ते म्हणाले, "तिथे मावा जलेबी गरम असते."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की चिडल्या होत्या, मला कळलं नाही. मी बावीस किलोचा हिशोब केला, दोनदा तपासला. पंचाहत्तर धरले असते, तर शेराला जवळजवळ दुप्पट औषध गेलं असतं. मधुकरभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. शेराच्या डोक्यावर हात ठेवून ते पुटपुटले, "माफ कर रे बाबा."

इंजेक्शन दिलं. शेराने लाळ गाळली, एकदा ओकला आणि मधुकरभाऊंच्या मांडीवर झोपला. पुढच्या काही दिवसांत लघवीचा रंग सुधारला, तो भाकरी मागू लागला. राजघाटावर आता वहिनीही सोबत जातात, असं ऐकते.

हल्ली मालकाला काट्यावर चढवायची वेळ आली, की मी आधी घरच्यांना चहा करायला पाठवते. डोस बरोबर निघतो.