यमुनाकाकूंनी घेतलेली बाटली

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि माणसावर लेख लिहिणं तर आमच्या गावातही कुणी केल्याचं ऐकलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. यमुनाकाकूंबद्दल त्यांच्या बरोबरीच्या, जाणत्या माणसाने लिहायला हवं होतं. पण ती माणसं लिहीत नाहीत, म्हणून मी धीर करतो आहे. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

बोथजवळच्या गावाहून आदिलाबादला शिकायला आलो, तेव्हा शहराला लागून असलेल्या मावल्यात त्यांच्याकडे खोली विचारायला गेलो. काकू अंगणात वांग्यांची टोपली भरत होत्या. त्यांनी नाव विचारलं नाही, भाडं सांगितलं नाही. उठून अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हा कर." मला कळेना. "काऊन पाहून राह्यला? तोंड उघड अन् हा कर." मी केलं. त्यांनी हुंगलं. "कांदा खाल्ला. चालते. सामान आन."

गल्लीत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ही परीक्षा द्यावी लागे. जावई, वायरमन, वर्गणी मागणारी पोरं, कुणीच सुटलं नाही. त्याला कारण होतं. पूर्वी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, प्यायचे. एकदा ते बाजारातून रिकामी टोपली नीट घेऊन आले आणि आपल्या लहानग्या लेकीला, पल्लवीला, तिथेच विसरून आले. पोर सापडली. दुसऱ्याच दिवशी काकूंनी गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि मुसळ घेऊन पोशन्नाच्या घरात शिरल्या. पोशन्ना घरातून चोरून बाटल्या विकायचा. अशा दुकानाला आमच्याकडे बेल्टशॉप म्हणतात. तेव्हापासून काका पीत नाहीत, आणि पोशन्ना मोठ्या रस्त्यावर मिरची भजी तळतो.

ती पल्लवी आता हैदराबादला केक आणि पाव करायचा कोर्स करत होती. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात जागा निघाल्या. उमेदवाराने नेमून दिलेला केक घरी करायचा आणि सुरुवातीपासून कापेपर्यंतचा व्हिडिओ पाठवायचा, अशी अट होती. तिच्या वाट्याला स्टाउट चॉकलेट केक आला. स्टाउट म्हणजे काळी, कडवट बिअर. सुट्टीला घरी आलेली पल्लवी हे सांगताना रडायच्या बेतात होती. ही नोकरी गेली तर तिला परत आणून स्थळं पाहायची, असं तिच्या मामांनी ठरवूनच टाकलं होतं.

घरात ओव्हन नव्हता. डॉक्टरांनी काकांना तेल कमी खायला सांगितलं म्हणून पल्लवीनेच आणलेला एक एअर फ्रायर होता. काकू त्यात वांग्याचं बी ठेवायच्या, कारण त्यात उंदीर शिरत नाही. बी बाहेर निघालं, पण बाटलीचं काय? पल्लवी म्हणाली, काळी कॉफी घालते, व्हिडिओत कुणाला कळणार आहे. त्यावर काकू पहिल्यांदा चिडल्या.

"वांग्याचं बी म्हनून आपन मिरचीचं बी इकतो का? जे सांगतलं ते घाल."

मी आणून देतो म्हणालो, तर माझ्याकडे वळल्या. ज्या पोराचं तोंड हुंगून खोली दिली त्यालाच दुकानात धाडायचं, तर मग हुंगलं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. भर दुपारी त्या स्वतः निघाल्या. पिशवी घेऊन मागे मी.

मोठ्या रस्त्यावरच्या वाइन्सच्या, म्हणजे दारूच्या दुकानाच्या, दारात त्या दिसल्या मात्र, तिथली गर्दी विरली. एकजण समोरच्या चपलांच्या दुकानात जाऊन बायकांच्या चपला पाहू लागला. दुसऱ्याने मला विचारलं की उटनूरची बस इथेच लागते का. जाळीमागच्या पोराने हात जोडले आणि दुकान बंद असल्याचं सांगितलं. त्याच्या मागे बाटल्यांची भिंत उभी होती. काकूंनी केकची गोष्ट सांगितली, हॉटेलची सांगितली, एअर फ्रायरचीही सांगितली. जसजशा त्या सांगत गेल्या तसतसा तो जास्तच घाबरला. शेवटी त्याने शटर निम्मं ओढून घेतलं.

शेजारच्या गाड्यावर पोशन्ना हे सगळं पाहत होता. हसू आवरेना म्हणून त्याने झारा खाली ठेवला.

"अक्का, माह्यं दुकान फोडलं नसतं तं आज घरपोच देली असती."

काकूंनी त्याला जाळीशी जाऊन बाटली आणायला सांगितलं. तो तयार होईना. आपण एकटेच गेलो तर लोक म्हणतील पोशन्नाने धंदा पुन्हा सुरू केला, असं तो म्हणाला. आता त्याच्याही नावाला किंमत होती. म्हणून दोघं खांद्याला खांदा लावून जाळीपुढे उभे राहिले. पोराने मागून शोधून एक धुळकट काळी बाटली काढली. काकूंनी ती पदराने पुसली, उलटी केली, तारीख माझ्याकडून वाचून घेतली आणि शिळा माल म्हणून घासाघीस केली. मी पिशवी पुढे केली, ती त्यांनी नाकारली.

"लपवली तं चोरी, दाखवली तं सामान."

अख्ख्या मावल्यातून त्या ती बाटली दुधी भोपळ्यासारखी हातात धरून चालल्या. फाटकात काका उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "काळी हाय का पिवळी?" काकू म्हणाल्या, "तुमाले रंगाशी काय करा लागते?" काका मुकाट्याने मिरच्यांना पाणी द्यायला मागे गेले.

बाटली उघडली तेव्हा काकूंनी नाकाला पदर लावला आणि तिकडून नजर हलवली नाही. पल्लवीने अर्धी बिअर लोण्यात गरम केली, कोको आणि साखर घातली, पीठ कालवलं, डबा फ्रायरमध्ये ठेवला. मी फोन धरून उभा. पण काकूंना झाकण उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे, मग तो भात असो की शेजारणीची आमटी. त्यांनी फ्रायरचा खण तीनदा ओढला. केक मधोमध विहिरीसारखा खचला.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी पाठवायचा होता आणि बिअर एका केकपुरतीच उरली होती. काकूंनी पल्लवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मले बाहेर काढ अन् आतून कडी लाव. माह्ये हात ऐकत नाई."

त्या अंगणात जाऊन काकांशेजारी बसल्या. आत पल्लवीने पुन्हा सगळं केलं. फ्रायरमधल्या पंख्याच्या गरम वाऱ्याने केकचा माथा करपू नये म्हणून डब्यावर चांदीचा कागद घट्ट बसवला. केकचा वास सुटला. तेवढ्यात बंद दाराबाहेरून खणखणीत आवाज आला, "फुगला का वं?" थोड्या वेळाने पुन्हा आला. मग काकांचाही आला. केक सुरेख झाला, काळाभोर आणि मऊ, पण व्हिडिओत ते सगळं जसंच्या तसं ऐकू येत होतं. दुसरी बाटली आणायला वेळ नव्हता. पल्लवीने डोळे मिटून तो पाठवला.

काकांनी वाटीभर केक मागितला. काकूंनी दिला नाही. खचलेला केकही दिला नाही. तो त्यांनी वांग्यांच्या वाफ्यात पुरला आणि काकांना गूळ-शेंगदाणे दिले. पोशन्नाला मात्र चांगल्या केकचा एक तुकडा पाठवला. त्याने तो खाऊन निरोप धाडला की अक्का, बाटली अशी वाया घालवतात का.

हॉटेलचा निकाल कळायच्या आत माझी परीक्षा संपली आणि मी गावी आलो. आमच्याकडे फोन लागला तर लागतो. मी दोनदा शेताच्या टेकाडावर चढून पाहिलं, काकूंचा फोन बंद होता. मामा येऊन बसले आहेत, एवढंच कुणाकडून तरी कळलं.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. काका सहसा फोनवर बोलत नाहीत. त्यांनी आधी आमच्या कपाशीची चौकशी केली आणि मग सांगितलं की पल्लवी नोकरीला लागली. तिथल्या मोठ्या साहेबांनी तो व्हिडिओ साऱ्या भटारखान्याला ऐकवला आणि दाराबाहेरची बाई कोण, असं विचारलं. मामा परत गेले. एकच अडचण होती. त्या हॉटेलात हा केक रोज होतो, रोज पेटीभर बाटल्या फोडाव्या लागतात, आणि हे आईला सांगायची पल्लवीला भीती वाटत होती. शेवटी काकांनीच सांगितलं.

मी विचारलं, मग काकू काय म्हणाल्या.

काका म्हणाले, की ती वांगी निवडत होती, हातातलं वांगं तिने टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "फोडू दे तिले. जितकी केकात जाईन, तितकी मानसाच्या नरड्यात कमी जाईन."