अंगठा असलेल्यांचा नियम

आमचा दादा, सहदेव, मालवणात तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा तो. मग जाळं ओढायच्या विंचाच्या दोरात उजवा अंगठा गेला आणि दादा घरी बसला. घरी बसलेला तांडेल किती ताप देतो ते मला विचारा, मी शेजारीच राहते. माझ्या मासळीच्या पाटीत कुठला बांगडा वर ठेवायचा नि कुठला खाली, हेसुद्धा तोच सांगणार!

माझ्या लेकीने, भक्तीने, त्याच्या मोबाइलवर गलबतांच्या लढाईचा ऑनलाइन खेळ घालून दिला तेव्हा देव पावला म्हटलं. वर्षभरात दादा तिथे एका ताफ्याचा कप्तान झाला. देवगडचा एक, रेडीचा एक, एक रत्नागिरीची मास्तरीण, सगळी त्याला विचारून गलबत हाकणार. माणूस पुन्हा ताठ चालायला लागला.

फक्त तोफ डागायला स्क्रीनवर भराभर टिचक्या माराव्या लागतात, त्या उजव्या अंगठ्याने. तो कुठून आणायचा? दादाने ऑटो-क्लिकर घातला, म्हणजे आपोआप टिचक्या मारणारं दुसऱ्याच कुणाचं ॲप. गलबत हाकणं, नेम धरणं, सगळं डाव्या हाताने त्याचं तोच करायचा. कंपनीने पकडलं आणि खातं बंद केलं. बाहेरचं ॲप नियमात बसत नाही म्हणे.

भक्तीने नियम वाचून पाहिले. म्हणाली, नियम तसाच आहे, पण कंपनीला लिहिता येतं. आपण वापरलंच नाही, भलत्याच कुणी खातं उघडलं, असं लिहिलं की बऱ्याच जणांची खाती परत मिळतात. मीही म्हटलं, लिही रे बाबा, कुणाचं काय जातंय.

दादा माझ्यावरच खेकसला. "मी वापरलंय. खोटा बोलूचंय नाय. नियम अंगठो असलेल्यांनी केल्यानी, ता तेंका सांगतलंय."

आणि डाव्या बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं. वापरलं. मला अंगठा नाही. आंधळ्याची काठी तुम्ही काढून घ्याल काय?

मोबाइल खाली ठेवायच्या आत उत्तर हजर. गोड, गुळगुळीत, आणि खाली बारीक अक्षरात, हे उत्तर आपोआप पाठवलेलं आहे. माझं टाळकंच फिरलं. यांच्या दारात यंत्र बसलेलं चालतं, नि माझ्या भावाने यंत्राचा एक अंगठा लावलेला चालत नाही? मेल्यांनो!

दादा मात्र हसला, खातं बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लिहायला बसला. मग रोजच. उत्तर तेच येतं. रेडीवाल्याचा फोन आला होता, ताफ्याने अजून दुसरा कप्तान केलेला नाही.

परवा भक्तीला त्याची दया आली. म्हणाली, मामा, मी लावून देते, रोज सकाळी पत्र आपोआप जाईल, तुम्ही बोट कशाला दुखवता.

"नको गो," दादा म्हणाला. "माणसान वाचूक व्हया, तर माणसानच लिवूक व्हया."

आणि लागला परत पहिल्या अक्षरापासून.