लंडनचं बारसं आणि माझी सिन्नरची सून

बायांनो, आज लंडनला माझ्या लेकीच्या बाळाचं बारसं! पाळणा मी रचला. शाळा चौथीच, पण गाणी सुचतात हो. टाईपही केला, पण मेल जाईना. पत्त्यातलं @ दाबलं की अवतरणचिन्हाच्या शेपट्या! कॉम्प्युटर जावयानं तिकडून आणलेला, कीबोर्ड इथला. तिकडं पाहुणे जमलेले.

सून मेथी निवडता निवडता उठली. “आई, कीबोर्ड चांगलाय, सेटिंग लंडनचं राहिलंय. आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचे असतात.” तिनं यूकेचं यूएस केलं, आणि आलं की @! मेल गेला.

मग लेकीनं फोन पाळण्याजवळ धरला. तिकडच्या बायका माझाच पाळणा गात होत्या!

सुनेला म्हटलं, “लय हुशार गं माझी बाय!” तर म्हणते, “आई, ताप नाही ना आला?”

तुमच्याकडं कौतुक केलं की असंच होतं का?