जोडलेल्या हातांचा फ्लेक्स

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी पडले आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक माझ्याकडे फ्लेक्स मागायला येऊ लागले. सांत्वन हे निमित्त. "मत तुम्हालाच दिलं बरं का," असं जो तो म्हणायचा आणि लगेच भिंतीला टेकवलेल्या गुंडाळ्यांकडे बघायचा. या सगळ्यांनी खरंच मत दिलं असतं तर मी पडले कशी, हे विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही, कारण याच लोकांकडे मला पुन्हा जायचं होतं.

आठवडाभरात मी वस्तीभर पसरले. कुणाच्या शेळ्यांवर, कुणाच्या कडब्यावर, एके ठिकाणी तर न्हाणीला आडोसा म्हणून. सगळीकडे मीच, लोह्याच्या फोटोग्राफरनं बळंच हसवलेली, हात जोडलेली. खाली लाल अक्षरांत, 'स्मशानभूमीला शेड, हाच आमचा शब्द'.

त्या शेडसाठीच तर उभी राहिले होते. गावाच्या स्मशानभूमीला शेड आहे. आमच्या बौद्ध वस्तीची जागा वेगळी, ओढ्याकाठी, उघडी. सासरे भर पावसात गेले. लाकडं पेटेनात. डिझेल ओतलं, टायर आणले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं जे बघितलं ते मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही.

माझा चुलत दीर मात्र समोरच्या पॅनलच्या जीपमधून फिरला. "मेलेल्याला काय ऊन अन् काय पाऊस," म्हणत चारचौघांत हसला. निकालाच्या दिवशी त्यानं आमच्याच दारासमोर फटाके लावले. त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग मला आमच्या बैठकांचा यायचा. दर रविवारी विहारात जमायचं आणि कोण फितूर झालं, कोणी कुणाची पार्टी खाल्ली, यावर तोंडाला फेस येईपर्यंत बोलायचं. शेडचा अर्ज कोण लिहिणार म्हटलं की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवायची. "पुढच्या निवडणुकीत बघू," म्हणत चपला शोधायचे. तोवर वस्तीत कुणी मरायचंच नाही, असं जणू ठरलं होतं.

भाद्रपदात चुलत दीरच गेला. छातीत दुखायला लागलं, नांदेडला नेईपर्यंत संपलं. दोन दिवसांची झड लागली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, नवऱ्याला घरात ठेवून स्वतः माझ्या दारात आली.

"अक्का, एखादा फ्लेक्स उरलाय का?"

तोंडाशी बरंच काही आलं होतं. फटाक्यांचं तर आलंच होतं. मी आत गेले आणि सगळ्यात मोठा फ्लेक्स काढून दिला.

चौघांनी चार टोकं धरली. आम्ही बायकाही गेलो होतो. खाली सरणावर तो, आणि वर आभाळाकडे बघून हसणारी मी. झोळात पाणी साठून कडेनं गळत होतं. जाळ धरेपर्यंत कुणी हललं नाही. फ्लेक्सची एक बाजू आकसून काळी पडली, तेव्हा कुठं त्यांनी तो ओढून घेतला. माझे जोडलेले हात तेवढे जळाले होते.

पुढच्या ग्रामसभेला एकटीनंच जायचं, हे मी धरून चालले होते. बैठकीतल्या कुणाचं सोयाबीन काढायला आलं होतं, कुणाची कंबर धरली होती. पण जाऊ आली. वस्तीतल्या बायका घेऊन आली, काखेत तो फ्लेक्स. तिनं तो सरपंचाच्या टेबलासमोर पसरला.

ग्रामसेवक वैतागला. "निवडणूक संपली बाई. प्रचाराचं इथं लावता येत न्हाई."

"लावायला न्हाई आणलं साहेब," जाऊ म्हणाली. "आमच्या वस्तीचं शेड हाय हे. बघा कसं हाय ते."

ठराव लिहिला गेला. असले ठराव कुठं धूळ खात पडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे बाहेर आले तरी माझी चिडचिड गेली नव्हती. मी फ्लेक्स उकिरड्यावर टाकायला निघाले, तर जावेनं तो हातातून काढून घेतला.

"टाकून कशाला राहिल्या अक्का? सोमवारी लोह्याला पंचायत समितीत न्यायचाय." ती खाली बसून नीट घडी घालत होती. "हात जळाले ते बरंच झालं. लई जोडून झाले."