देवीचा डबा

निनाद, ओवी, सुट्टीत तुम्ही घाटातल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकलींची मोठी शर्यत पाहिलीत, त्याचा फोटो मिळाला. खाली लिहिलं होतं, ‘आजोबांना वाचवणाऱ्या सायकलवाल्याची आठवण आली.’ एरवी मी आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देते. या वेळी चार दिवस गेले. ती गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात आणि सांगणारी मीच. केळापूरच्या जगदंबेनं परदेशी खेळाडूच्या रूपानं धाव घेतली, असा तिचा शेवट मी करत असे. त्यात खोटं काही नव्हतं. पण मधला एक तुकडा मी दर वेळी गाळला. आजोबा आता नाहीत. तो तुकडा लिहून ठेवायला हवा.

त्या डिसेंबरात आम्ही पांढरकवड्याला माझ्या भावाकडे सुट्टीसाठी गेलो होतो. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. सकाळी पेपर उघडायला नको वाटे. आजोबांना नुकतंच इन्सुलिन सुरू झालं होतं. माझ्या मनात भीती बसली होती, आणि माझी भीती नेहमी वेळापत्रकाच्या रूपानं बाहेर पडते, हे तुम्हाला माहीत आहे. यांना सांभाळ, तुला पुरणपोळीचा नैवेद्य करीन, असं मी देवीला बोलले होते. पहाटे उठून, सोवळ्यानं, कुणाशी एक शब्द न बोलता अकरा पोळ्या केल्या आणि डब्यात भरल्या. दर्शनाआधी दोघांनीही काही खायचं नाही. देवळाच्या आवारात सुई टोचणं माझ्या मनाला पटेना, म्हणून ती निघतानाच दिली. केळापूर जवळच, रिक्षानं पंधरा मिनिटं, दर्शनाला दहा, लगेच प्रसाद. हिशेब चोख होता. माझ्या रोजच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असे. पण ती पर्स चामड्याची, देवीला कशी न्यायची? मी ती खुंटीला अडकवली आणि कापडी पिशवी घेतली.

हमरस्त्यावर पोलिसांनी रिक्षा अडवली. नागपूरकडून सायकलींची शर्यत येत होती, देशोदेशीचे नावाजलेले खेळाडू होते म्हणे. ते जाईपर्यंत रस्ता बंद. रिक्षावाला आम्हाला उतरवून परत गेला. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्या पहाटेपासून तिथंच ओळीनं उभ्या होत्या, आणि माणसं गाडीतल्या कापसावर चढून रस्त्याकडे बघत बसली होती. आजोबा आधी खूशच झाले. कॉलेजात असताना ते यवतमाळहून बाभुळगावपर्यंत सायकल हाणत जायचे. पाऊण तास ते सायकलींविषयीच बोलत होते. मग बोलणं थांबलं. मग ते माझ्यावर ओरडले, “कशाला आणलंस मला इथं? तुझंच सगळं खरं!” इतक्या लोकांत. चाळीस वर्षांत ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. मला ते अपमानाचं वाटलं. मी चार पावलं लांब जाऊन पाठ फिरवून उभी राहिले.

‘घाम, थरथर, चिडचिड: लगेच साखर द्यावी’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेला कागद घरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता. सगळं पाठ होतं. तरी मी पाठ फिरवली.

शेजारच्या गाडीवरून एक बाई खाली उतरली. चाळिशीची असेल, पदर खोचून आमच्याकडे आली. “बाई, तुमच्या मालकाले घाम काहून सुटून राह्यला वो? एवढी थंडी हाय.” मी वळून पाहिलं. आजोबा खाली बसले होते, सदरा ओला झाला होता, ओठ कापत होते. “माह्या सासूले अस्संच होये,” ती म्हणाली. “साखर उतरली त्यायची. गोड द्या काहीतरी. माह्यापाशी भाकर अन् ठेचाच हाय, बाप्पा. तुमच्या डब्यात काय हाय?”

मी म्हणाले, “देवीचा नैवेद्य आहे. अजून दाखवायचा आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “मंग?”

हाच तो तुकडा. मी डबा उघडला नाही. उघडते, उघडते, असं मनात चाललं होतं आणि हात मात्र तो छातीशी आणखी घट्ट धरत होते. नवस मोडला आणि त्यामुळेच यांना काही झालं तर, असा विचार मी करत होते. आणि ते माझ्या डोळ्यांसमोर कलंडत होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घड्याळ लावून जगणाऱ्या मला तेवढ्या वेळाची मोजणी नाही.

त्या बाईनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. खेळाडूंचा मोठा जथा वाऱ्यासारखा निघून गेला होता, आणि मागे राहिलेला एकजण चाक पंक्चर होऊन थोड्या अंतरावर थांबला होता. ती सरळ रस्त्यावर गेली. पोलिसानं शिट्टी फुंकली, “अवो बाई, मांगं व्हा!” “तू फुक शिट्टी, मी येतोच!” असं म्हणत तिनं त्या गोऱ्या मुलाचं मनगट धरलं आणि आजोबांकडे बोट दाखवलं. तिला त्याची भाषा येत नव्हती. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणारी मी तिथंच उभी होते आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

तो धावत आला. गुडघ्यावर बसला, पाठीच्या खिशातून गोड चिकासारखं काहीतरी भरलेली लहानशी पुडी काढली, दातांनी फोडली आणि थोडं थोडं आजोबांच्या तोंडात पिळलं. मग स्वतःची बाटली त्यांच्या ओठांना लावली. त्याच्या मागून आलेल्या गाडीतल्या माणसांनी चाक बदललं, ती त्याला ओरडून बोलावत होती. तो हलला नाही. आजोबांनी डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिल्यावरच तो उठला, त्यांच्या गालावर हात ठेवला आणि गेला. बाईनं आजोबांना धरून गाडीशी नेलं, कापसाला टेकवून बसवलं. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला. आजोबा उठून उभे राहताच तिच्या मालकानं बैल हाकारले. ती चालत्या गाडीवर चढली. मी तिचं नाव विचारलं नाही. पोळी तरी द्यायची. तीही दिली नाही. डबा अजून भरलेलाच होता.

आता भावाकडे परत चला, असं मी म्हणाले, पण आजोबांनी ऐकलं नाही. दुसरी रिक्षा करून आम्ही देवळात गेलो. नैवेद्य दाखवला. अकराच्या अकरा पोळ्या, कुणी न उष्टावलेल्या, अगदी बोलले होते तशा. हात जोडले आणि वर देवीकडे बघवेना. तिनंच तर गाडीवरून उतरून विचारलं होतं, डब्यात काय हाय? आणि मी तिलाच सांगितलं होतं, हे देवीचं आहे.

बाहेर पायरीवर बसून मी डबा उघडला. आजोबांच्या सदऱ्याला पाठभर कापूस चिकटला होता. मी पोळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लगेच तोंडात घातली नाही. माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, “आता चालेल ना गं?”

त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यानंतर अठरा वर्षं आम्ही एकत्र जगलो, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांची क्षमा मला न मागता मिळाली, म्हणूनच ती इतकी जड झाली असेल.

तुमच्या आईला नेहमी नवल वाटायचं, की शिस्तीच्या बाबतीत एवढी कडक असलेली आजी नैवेद्याचं ताट देवापुढे जाण्याआधी तुमच्या हातावर मोदक कसा ठेवते. भूक लागली म्हणालात की मी ठेवायचेच. ते लाड नव्हते, बाळांनो. देवीनं माझ्या हट्टाला न जुमानता मला माझा माणूस परत दिला, अठरा वर्षांसाठी. तिच्यावर सोपवणं म्हणजे तिला आपलं वेळापत्रक पाळायला लावणं नव्हे, हे मी साठाव्या वर्षी एका रस्त्याच्या कडेला शिकले. अजूनही पोळ्या केल्या की पहिली मी वेगळी काढते. दाराशी जो कुणी येईल, त्याची ती. कुणी बाई आली, तर आधी तिचं नाव विचारते.