डाव्या पाऊचमधली सुकेळी

दर वर्षी नाताळाच्या आधी आमच्या घरी सुकेळीचं एक पुडकं यायचं आणि बाबा त्याला हात लावायचे नाहीत. राजेळी केळी सोलून, कडक उन्हात वाळवून, केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली वसईची सुकेळी. आई आणि मी दोन दिवसांत फडशा पाडायचो. बाबांपुढे धरली की म्हणायचे, "नको, दाताला चिकटते." अहो, जो माणूस शेंगदाण्याची चिक्की कडाकडा फोडून खातो, त्याच्या दाताला सुकेळी चिकटते होय! पण मी कधी खोलात शिरले नाही. आपल्या वाटणीला जास्त येतंय म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय.

ते पुडकं यायचं वसई गावाजवळच्या होळी नावाच्या वाडीतून. तिथल्या काकी ते स्वतः बांधायच्या. ख्रिस्ती वाडीवाल्यांचं घर. केळी, पानवेल, भाजी, मागे विहीर. काकींचे यजमान आणि आमचे बाबा पायदळाच्या एका पलटणीत होते, एकाच सेक्शनमध्ये, जोडीदार. एकाहत्तरच्या लढाईत काका गेले. लढता लढता शत्रूच्या माऱ्यात गेले, असं पलटणीच्या पत्रात लिहून आलं होतं. त्याच्या आधल्या वर्षी काकांनी घरी लिहिलं होतं, की तुझी सुकेळी माझ्यापेक्षा माझा जोडीदारच जास्त खातो. काकींनी ते वाक्य धरून ठेवलं. नवरा गेला, पण जोडीदाराचा वाटा त्यांनी एक वर्ष चुकवला नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नव्वदच्या सुमाराला त्यांनी नालासोपाऱ्यात, तुळिंजला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तेव्हा तुळिंजला नळाला पाणी कमी आणि रस्त्यात जास्त. आई चिडायची. मी तर तोंडाळच, म्हणायचे, "बाबा, आपलं इथे कोण आहे हो? ना नात्याचं ना गोत्याचं. सगळी दुनिया सोडून हा चिखल कुठून शोधून काढलात?" बाबा एवढंच म्हणायचे, "होळी जवळ आहे." दर रविवारी, प्रार्थना आटोपून काकी घरी आल्या असतील अशा बेताने, ते होळीला जायचे. रहाटाचा दोर बदल, कुंपण नीट कर, केळीला टेकू लाव. काकी त्यांना भावोजी म्हणायच्या, बाबा त्यांना वहिनी. परत येताना बाबांच्या पिशवीत अळू नाहीतर पडवळ असायचं. मला वाटायचं, मित्रप्रेम. केवढा भला माणूस माझा बाप, म्हणून मी मैत्रिणींपाशी मिरवायचेसुद्धा.

बाबांचा बोलण्याचा विषय एकच, रायफल ग्रेनेड. नोकरीची शेवटची काही वर्षं ते रंगरुटांना तेच शिकवायचे, त्यामुळे घरात पाहुणा आला की धडा सुरू. हाताने ग्रेनेड फेकला तर फार तर तीस-पस्तीस मीटर जाणार. तोफेचा आणि मॉर्टरचा मारा लांबचा. मग मधल्या टापूत शत्रू खंदकात दबा धरून बसला तर काय करायचं? तिथे बंदुकीने ग्रेनेड फेकायचा. पहिल्या महायुद्धात ग्रेनेडला लांब सळई लावून ती नळीत घालत, पण त्याने नळ्या खराब व्हायला लागल्या. मग नळीच्या तोंडावर बसवायचा लोखंडी कप निघाला. बाबा स्वयंपाकघरातून पेला आणायचे, लाटण्याच्या टोकावर उपडा नाही, सुलटा धरायचे आणि त्यात लिंबू ठेवायचे. "हा ग्रेनेड. पिन काढली तरी कपात आहे तोवर त्याची पट्टी दाबलेली राहते. बाहेर उडाला की पट्टी सुटते, आणि तिथून सात सेकंद." बंदूक म्हणजे जुनी थ्री-नॉट-थ्री, लाकूड फुटू नये म्हणून तारेने आवळलेली. खांद्याला लावायची नाही, खांदा निखळेल. दस्ता जमिनीत रोवायचा. आई ओरडायची, "अहो, माझं लाटणं रोवू नका फरशीत!"

धड्यातला एक भाग मात्र ते हसत न सांगता सांगायचे. कपातला ग्रेनेड उडवायला लागते ती पोकळ गोळी. तिच्यात दारू असते, पण पुढे शिसं नसतं. तोंड चिमटलेलं असतं. त्या दारूचा धक्का ग्रेनेडला बाहेर ढकलतो. चुकून साधी गोळी घातली, तर ती थेट समोरच्या ग्रेनेडच्या बुडात. "मग?" असं कुणी विचारलंच, तर बाबा पेला उचलून मोरीत नेऊन ठेवायचे. म्हणून पोकळ गोळ्या नेहमी कमरपट्ट्याच्या डाव्या पाऊचमध्ये आणि साध्या, अडीअडचणीच्या, उजव्यात. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलेलं की घराची किल्लीसुद्धा कधी उजव्या खिशात गेली नाही.

मग कारगिल आलं. नव्व्याण्णवचा तो उन्हाळा आमच्याकडे टीव्ही बंदच व्हायचा नाही. शाळेला सुट्टी होती. मी तेव्हा वसईतल्या एका शाळेत शिकवायचे. एका दुपारी बातम्यांत कड्याखाली दबलेले जवान दाखवत होते. मी सहज म्हटलं, "यांच्याजवळ आहेत का हो तुमचे पेल्यातले ग्रेनेड?" बाबांचा चेहरा एकदम खुलला. आता कप गेले म्हणाले. आता नव्या रायफलीच्या तोंडावरच शेपटीवाला ग्रेनेड बसतो, आपल्या बॅडमिंटनच्या फुलासारखा. आणि परदेशात तर असा निघालाय, की त्याच्या बुडातच सापळा असतो. साधी गोळी झाडा, सापळा ती अडवून धरतो आणि ग्रेनेड सुखरूप पुढे जातो. पोकळ गोळीची भानगडच नाही.

"म्हणजे चुकीची गोळी असं काही राहिलंच नाही," मी म्हटलं.

"नाही राहिलं," बाबा म्हणाले, आणि माझे बाबा, ज्यांना मी आजीच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं, ते तोंडावर पंचा धरून हमसाहमशी रडायला लागले. "हे आधी का नाही गं सुचलं कुणाला? आधी का नाही सुचलं?"

त्या दुपारी बाबांच्या तोंडून मला सगळं कळलं. काका बंदूक धरायचे, बाबा त्यांचे दोन नंबर. काकांची नजर समोरच्या बंकरवर. त्यांचा हात मागे यायचा, बाबा त्यावर गोळी ठेवायचे. काका गोळीकडे बघत नसत. बघायची गरजच नव्हती, इतका भरवसा. त्या दिवशी सकाळी डाक आली, त्यात काकींचं पार्सल होतं. काकांनी सोपट फाडून सुकेळीचे सरळ दोन वाटे केले. एक बाबांना दिला, म्हणाले, "ठेव, दुपारी खाऊ." तेवढ्यात पुढे सरकायचा हुकूम आला. सुकेळी ठेवायची कुठे? बाबांनी डाव्या पाऊचमधल्या पोकळ गोळ्या उजव्या पाऊचमध्ये टाकल्या, साध्या गोळ्यांत, आणि डाव्यात सुकेळी कोंबली. दोन ग्रेनेड नीट गेले. तिसऱ्याला काकांचा हात मागे आला.

बाबांच्या खांद्यावर मोठा व्रण होता. लहानपणी मी त्याच्यावर बोट फिरवत विचारायचे, कुणी मारलं? ते म्हणायचे, "झालं असंच." त्या गोंधळात, त्या धुरात कुणालाच काही कळलं नाही. साहेबांनी शत्रूचा मारा लिहिला आणि बाबा मूग गिळून बसले.

माझं डोकंच फिरलं. दया आली हो, पण आधी राग आला. "अठ्ठावीस वर्षं त्या बाईकडून वाटा घेताय, तिच्याकडून भावोजी म्हणवून घेताय! तिला कळायला नको? तिचा नवरा होता तो! जाऊन सांगा. सगळं सांगा."

बाबांनी पंच्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "माझी चूक मी सांगीन गं. पण सगळं सांगितलं तर सुकेळीही सांगावी लागेल. पार्सल कुणी पाठवलं होतं?"

हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. पण मी हट्टी. पावसाळाभर मी त्यांच्या मागे लागले. सुकेळीचं राहू दे, तेवढं गाळा. पण गोळी तुम्ही दिलीत हे तरी सांगा, तुमच्याच जिवाला स्वस्थता मिळेल. असं मी म्हणाले. मला तेव्हा वाटायचं, खरं बोललं की माणूस मोकळा होतो. शाळेत मुलांना हेच तर शिकवत होते.

पाऊस सरल्यावर, सुकेळी वाळत घालायच्या दिवसांत, आम्ही दोघं होळीला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकींच्या अंगणात बांबूच्या मांडवावर केळी वाळत होती आणि काकी माशा हाकत बसल्या होत्या. ओट्यावर बांधलेलं एक पुडकं तयार होतं. "यंदा लवकर झाली, भावोजी. पहिलं तुमचंच बांधलं," त्या म्हणाल्या. घरात त्या आपल्या बोलीत बोलायच्या, आमच्याशी आमच्यासारखं.

बाबा बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले, साहेबासमोर रपोट द्यावा तसे. "वहिनी, त्याला शत्रूने मारलं नाही. गोळी मी चुकीची दिली."

काकींना आधी काही उमगेना. बाबांनी पुन्हा सांगितलं. माशा हाकणारा हात थांबला.

"चुकीची कशी दिली?" काकी म्हणाल्या. "ते तर लिहायचे, माझा जोडीदार डोळे मिटूनसुद्धा चुकत नाही. मग कशी चुकली?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थंडी होती," ते म्हणाले. "बोटं बधिर झाली होती. कळलं नाही."

काकी उठल्या. ओट्यावरचं पुडकं त्यांनी उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज नाही, काही नाही. मग बाबांनी मांडवाचा एक सुटलेला दोर बांधला आणि आम्ही निघालो.

त्या नाताळाला पुडकं आलं नाही. पुढच्याही नाही. रविवारी बाबा सवयीने कपडे करायचे आणि खिडकीत बसायचे. एकदा गेलेही होते. काकींच्या मुलाने दारातूनच, अगदी नम्रपणे, आई बरी नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर गेले नाहीत. होळीसाठी हा माणूस इथे येऊन राहिला, आणि मी, शहाणी मी, त्याची होळी बंद केली. मोकळं वगैरे काही वाटलं नाही त्यांना. ते नुसते खंगत गेले. दोन-अडीच वर्षांत गेले. निरोप मी स्वतः होळीला पाठवला होता. तुळिंजच्या स्मशानात मी येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे बघत होते. काकी आल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला.

किती वेळा मनात आलं, जावं आणि सांगून टाकावं, की बाई गं, थंडी नव्हती, तुझी सुकेळी होती. माझा बाप तुझ्यासाठी खोटं बोलला, आता तरी त्याला माफ कर. पण बाबांनी सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेतला होता. तो मी कोण उतरवणार? राहू दे म्हटलं काकींचा राग बाबांवर. निदान त्या तरी सुखाने झोपत असतील.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी काकी मला वसईच्या बाजारात भेटल्या. भाजीची पाटी नातवाच्या हातात, स्वतः काठी टेकत. मीच आधी मान खाली घातली. पण त्यांनी मला हाताला धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. खूप थकल्या होत्या.

"बाय, एक विचारते. तुझा बाप खरं बोलला ना तेव्हा? थंडीच होती ना?"

"हो, काकी," मी म्हटलं. "थंडीच होती."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिल्या.

"मग त्याच्यावर कसला राग धरू मी? चूक माझीच की गं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं तिकडे थंडी असते म्हणून. त्यांनी लिहिलं होतं. लोकर पण आणून ठेवली होती घरात. आणि मी वेडी, हातमोजे विणायचे सोडून सुकेळी पाठवली. रोज रात्री तेच येतं डोळ्यांपुढे. दोघांसाठी दोन जोड विणून पाठवले असते, तर त्याची बोटं बधिर झाली असती का?"

मी त्यांचा हात धरून बसले. नातू पाटी खाली ठेवून आमच्याकडे बघत होता. सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच खरं होतं, आणि ते याहून वाईट होतं. थोड्या वेळाने काकींनी पदराने डोळे पुसले, पाटीतून एक पुडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"त्याचा वाटा," त्या म्हणाल्या. "राहून गेला होता."