कार्डामागचा क्रमांक

दोहा शहरातल्या एका हॉटेलात मी बावीस वर्षे मेजवान्यांच्या पाहुण्यांची नावे लिहीत आलो आहे. पाहुण्याच्या ताटासमोर उभे राहणारे छोटे कार्ड, त्यावर शाईने, इंग्रजी वळणदार अक्षरात, बिरुदासह पूर्ण नाव. बिरुद मी कधी तोडून लिहिले नाही. कार्डाच्या मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक घालायचा, हा पायंडा माझाच. पुढचे नाव पाहुण्यासाठी, मागचा क्रमांक वेटरांसाठी. कोण कोणाच्या आधी बसणार, ते त्या क्रमांकावर ठरते. वेटरांना बिरुदांचे अर्थ लावत बसावे लागत नाही.

एका हिवाळ्यात दूरच्या थंड देशाचे राजघराणे आमच्याकडे जेवायला येणार होते. राजा, राणी, त्यांची तीन मुले, राजाचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि थोरली मुलगी. कार्डे आदल्या दिवशीच तयार होती. पुतणीच्या कार्डावर 'राजकन्या' हे बिरुद होते आणि मागे आठ हा आकडा. मेजवानीच्या सकाळी त्या देशाचे पत्रक आले. राजाने भावाच्या मुलींचे राजकन्या हे बिरुद काढून घेतले होते. वारसाक्रमातले त्यांचे स्थान मात्र होते तसेच राहणार होते.

मी पत्रक दोनदा वाचले. कोरे कार्ड घेतले, बिरुदावाचून नाव लिहिले आणि मागे पुन्हा आठ घातला.

आमचे मॅनेजर पुण्याचे, पस्तिशीतले. चारचौघांत ते माझ्याशी इंग्रजीत बोलत. दोघेच असलो की मराठीत, आणि तेव्हा मी 'काका' होत असे. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतले. मुलीला स्वयंपाकघराजवळच्या टेबलावर, डॉक्टर आणि सचिवांच्या जोडीला बसवा, असे त्यांनी सांगितले. बिरुदांच्या रांगेत एकच बोडके नाव बरे दिसत नाही, हे एक कारण. वरच्या टेबलावरची ती खुर्ची त्यांना एका कंपनीच्या संचालकासाठी हवी होती, हे खरे कारण.

मी म्हणालो, "बिरुद गेले. क्रम गेलेला नाही. पत्रकात दोन्ही वेगवेगळे लिहिले आहेत."

"काका, तुमच्या भरवशावर राणी व्हायचंय का तिला?"

"बसायच्या क्रमात तिच्या आधी सात जण आहेत. आठवी तीच."

"खलास. मागचा आकडा खोडा आणि नवीन घाला."

"पुढचे खोडले, कारण तसा हुकूम आला. मागचे खोडण्याचा हुकूम कोणाचा, तो मला कागदावर दाखवा."

साठी ओलांडलेल्या माणसाचा करार आमच्याकडे दर वर्षी नव्याने होतो. माझा पुढच्या महिन्यात संपत होता आणि शिफारस याच गृहस्थांनी करायची होती. त्यांनी ते बोलून दाखवले नाही. टेबलावरचे कॅलेंडर तेवढे माझ्याकडे फिरवले. मी कार्डे उचलली आणि माझ्या जागी परत आलो.

संध्याकाळी मी माझ्या हाताने ते कार्ड आठव्या ताटासमोर ठेवले. मॅनेजरांनी तोवर त्याच नावाचे दुसरे कार्ड यंत्रावर छापून मागच्या टेबलावर लावले होते. संचालकाचे कार्ड त्यांच्या हातात होते. माझे कार्ड उचलण्यापुरता अवधी हवा होता. तेवढ्यात राजघराण्याचे शिष्टाचार अधिकारी पाहणीला आले. उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ, हातात यादी. मागच्या टेबलापाशी ते थांबले. छापील कार्ड उलटून पाहिले. मागे काही नव्हते. मग वरच्या टेबलापाशी येऊन त्यांनी माझे कार्ड उलटले, आकडा यादीशी ताडला आणि कार्ड होते तिथे ठेवले. छापील कार्ड त्यांनी घडी करून खिशात घातले.

मुलगी आठव्या खुर्चीवर बसली. जेवली. तिने कार्डाकडे पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. पाहावे, अशी माझी अपेक्षाही नव्हती.

महिन्याभराने पत्र आले. करार वर्षभर वाढला होता, पण 'वरिष्ठ सुलेखनकार' हे पद जाऊन तिथे 'कार्यालयीन सहायक' आले होते. अल मुंतझा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटवर मी ते पत्र बायकोसमोर ठेवले. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"म्हणजे सामान बांधायचं नाही ना?" तिने विचारले.

"नाही."

"मग ताट वाढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. खिडकीजवळचे ते टेबल. शाईच्या कामाला उजेड लागतो. सहायकांची बसण्याची जागा भांडारात, प्रिंटरशेजारी आहे, असे ते म्हणाले. या वेळी 'काका' नव्हते.

मी पत्र उघडून त्यांच्यापुढे धरले.

"पद काढल्याचे यात आहे. टेबल काढल्याचे कुठे आहे, ते दाखवा."

त्यांनी पत्र वाचले. उलटून मागची बाजूही पाहिली. मग ते गेले. तसे लेखी आणायलाच गेले असतील, असे मी धरून चाललो. दुपारच्या मेजवानीची चाळीस कार्डे कोरी पडली होती. मी दौतीचे झाकण काढले.